न दिसणारी कडी

(साक्षरता वर्गातील स्त्री-पुरुषांसमोर केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी एका कडीबद्दल बोलणार आहे. दाराला लोखंडाची कडी असते. ती सगळ्यांना दिसते. कोणी बाहेरून कडी लावून माणसाला कोंडलं, तर शेजारी धावून येतात. "अरे, काय हा प्रकार!" म्हणून दार उघडतात.

पण दुसरी एक कडी असते. ती दाराला नसते, मनाला असते. घराचं दार सताड उघडं असतं. बाई विहिरीवर जाते, शेतात जाते, बाजारालाही जाते. तरी ती कोंडलेलीच असते. कुणाशी बोलावं, किती हसावं, कुठं थांबावं, काय खावं, माहेरी कधी जावं, हे सगळं दुसऱ्याच्या धाकानं ठरतं. अंगावर वळ नसतो. म्हणून कोणी विचारत नाही. तिलाही सांगता येत नाही. सांगायचं तरी काय? "मला मारलं" असं सांगता येतं. "मला भीती वाटते" हे कसं सांगायचं?

आपल्याकडे याला जाच म्हणतात. सासुरवास म्हणतात. जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्यांनी हेच दुःख गाऊन हलकं केलं. म्हणजे ही गोष्ट नवी नाही. पण तिचं नाव घेऊन, उजेडात बसून बोलायची रीत आपल्यात नाही. आज ते बोलू.

एका घराची गोष्ट

ही गोष्ट खरी आहे. ती ज्या बाईंनी लिहून ठेवली, त्यांचा आपल्या जिल्ह्याशी जवळचा संबंध होता. त्यांचं नाव लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र. १९३४ सालापासून ते पुस्तकरूपानं येऊ लागलं. मराठीतल्या उत्तम पुस्तकांत त्याची गणना होते. आपला जिल्हा आज अहिल्यानगर आहे, तेव्हा तो अहमदनगर होता. या जिल्ह्यात नगर शहरी आणि राहुरीला लक्ष्मीबाई राहिल्या.

त्यांचा जन्म नाशिकजवळ जलालपूर गावी १८६८ च्या सुमारास झाला. माहेरचं आडनाव गोखले. माहेरचं नाव मनकर्णिका. घरी सगळे मनू म्हणत. वडिलांना नाना म्हणत.

मनूच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडात फाशी झाली. त्या धक्क्यानं नानांच्या मनात एक भीती घर करून बसली. भीती विटाळाची. नानांनी कडक सोवळं धरलं. सोवळं तर त्या काळी पुष्कळ घरांत होतं. पण नानांचं सोवळं वेगळं होतं. त्याला अंतच नव्हता. बाहेरून घरात आलेली प्रत्येक वस्तू धुवायची. धान्य धुवायचं. मीठसुद्धा धुवायचं! आता विचार करा. मीठ धुतल्यावर उरतं किती? पण नानांना कोण विचारणार? त्यांचा शब्द म्हणजे घरचा कायदा.

नाना दुष्ट होते का? तसं म्हणता येत नाही. त्यांच्या मनाला एक घाव बसला होता. त्या घावाला त्यांनी पाण्यानं धुऊन काढायचा यत्न केला. पण पाणी ओतायचं कोणी? धुणं धुवायचं कोणी? भीती नानांची, आणि राबायचं बायकांनी. धाकात वागायचं मुलांनी. पुढं मनूला तिच्या आत्याच्या घरी नाशिकला ठेवलं, तेव्हा कुठं तिला जरा मोकळं वाटलं.

मंडळी, या गोष्टीतली एक बाब नीट ध्यानात धरा. घरातल्या एका माणसाच्या मनात भीती शिरते. ती भीती तो स्वतः सोसत नाही, घरावर लादतो. मग त्याची भीती हीच सगळ्यांची शिस्त होऊन बसते. कुणाला विटाळाची भीती असते. कुणाला बायको हातची जाईल अशी भीती असते. कुणा सासूला मुलगा दुरावेल अशी भीती असते. कुणाला चारचौघांत नाक कापलं जाईल अशी भीती असते. भीतीची कारणं वेगवेगळी. पण कडी तीच.

कडी कशी लागते

ही कडी एका दिवसात लागत नाही. एका दिवसात लागली असती, तर बाईनं आरडाओरड केली असती. ती हळूहळू लागते. कशी, ते पाहा.

पहिली पायरी मायेची असते. "तुझ्या काळजीपोटी सांगतो, त्या शेजारणीकडे जात जाऊ नको. बाई चांगली नाही." बाईला वाटतं, माझी किती काळजी! ती जाणं सोडते. मग मैत्रीण सुटते. मग बहीण सुटते. मग माहेर. रक्षाबंधनाला जायचं तर दहा कारणं निघतात. वर्षभरात तिला आपलं म्हणावं असं कोणी उरत नाही. एकट्या माणसाला धाक घालणं सोपं असतं.

दुसरी पायरी पैशाची. आपल्या जिल्ह्यातच पाहा. म्हशीचं शेण काढते ती, धार काढते ती. पण डेअरीतलं खातं बहुधा त्याच्या नावावर. पाथर्डी, शेवगाव भागातून दरसाल जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. म्हणजे मोजताना तिचा वेगळा हिशेबच नाही. मुकादमाकडून उचल मिळते, ती बहुतेक वेळा पुरुषाच्या हाती पडते. मोळ्या बांधून, डोक्यावर वाहून तिची मान मोडते. पण पोराला गोळ्या आणायच्या तर तिला हात पसरावा लागतो. ज्याच्या हातात पैसा नाही, त्याच्या पायात बळ राहत नाही. सगळीकडे असं चालतं असं नाही. सगळा पगार बायकोच्या हाती देणारे गडीही आहेत. पण जिथं पैसा हे धाक घालायचं साधन होतं, तिथं ती कडीच समजा.

तिसरी पायरी पाळतीची. कुठं गेली होतीस? एवढा वेळ का लागला? कोणाशी बोललीस? आता तर मोबाईल आहे. फोन कोणाचा आला, ते रोज तपासायचं. फोन हातात द्यायचा नाही, किंवा दिला तर समोर बसून बोलायला लावायचं. बाई मग स्वतःच स्वतःवर पाळत ठेवते. विहिरीवर कोणी हाक मारली, तर ती खाली मान घालून निघून येते.

चौथी पायरी सगळ्यांत वाईट. ती बाईच्या बुद्धीवर घाव घालते. "तुला काय कळतंय? तू वेंधळी. तुझ्या आईनं तुला काही शिकवलं नाही." हे रोज ऐकलं की माणसाला ते खरं वाटू लागतं. त्यात नियम रोज बदलतात. काल भाकरी पातळ म्हणून बोलणी खाल्ली, आज जाड म्हणून. काल बोलली म्हणून चुकलं, आज गप्प बसली म्हणून. बाई गोंधळते. तिला वाटतं, चूक माझीच असणार. आणि एकदा का चूक आपलीच वाटू लागली, की कडी पुरती लागली. मग बाहेरून कोणी धरून ठेवायची गरज नाही. बाई आतून आपल्याच हातानं कडी धरून बसते.

असं घर ओळखायचं कसं? एक सोपी खूण सांगतो. कडी लावणारा माणूस घराबाहेर पडला की घर मोकळा श्वास घेतं. पोरं हसतात, खेळतात. बाया दोन शब्द बोलतात. आणि त्याच्या वहाणांचा आवाज आला की सगळं चिडीचूप. ज्या घरात वहाणांच्या आवाजानं पोरांचं हसू थांबतं, त्या घरात काहीतरी बिघडलंय असं समजा. मग तिथं कोणी हात उचललेला असो वा नसो.

ती निघून का जात नाही?

लोक म्हणतात, "एवढा जाच आहे, तर निघून का जात नाही? अर्थी तिलाच गोड लागतंय." असं बोलणं सोपं आहे. आपण जरा तिच्या जागी उभं राहून पाहू.

जायचं कुठं? माहेरी भाऊ-भावजय. "दिल्या घरी नांदावं" हे ऐकतच ती मोठी झालेली. दोन दिवस पाहुणचार होतो. तिसऱ्या दिवशी विचारतात, परत कधी जाणार? पोरं बरोबर न्यायची तर त्यांची शाळा. मागं ठेवायची तर आईचा जीव राहत नाही. हातात पैसा नाही. कागदपत्रं त्याच्या कपाटात. आणि वर लोकांची तोंडं. नवऱ्याला सोडलेली बाई म्हटलं की गाव तिच्याकडे कसं बघतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आहे. कडी लावणारा माणूस रोज वाईट वागत नाही. चार दिवस रागाचे, तर एक दिवस गोडीचा. त्या दिवशी साडी येते, गोड बोलणं होतं. "पुन्हा असं करणार नाही" म्हणतो. बाईला वाटतं, हाच खरा माणूस. तो गोड दिवस पुन्हा येईल म्हणून ती चार कडू दिवस सोसते. यात ती मूर्ख नाही. आशा धरणं हा माणसाचा स्वभावच आहे. पाऊस पडेल म्हणून आपण कोरड्या रानात पेरत नाही का?

म्हणून बाईला "का राहिलीस?" असं विचारू नये. कडी लावणाऱ्याला "का लावलीस?" असं विचारावं.

राहुरीत काय घडलं

आता पुन्हा लक्ष्मीबाईंकडे वळू. १८८० साली, अकरा-बारा वर्षांच्या असताना त्यांचं लग्न झालं. मनूची लक्ष्मी झाली. नवरा नारायण वामन टिळक. पुढं ते मोठे कवी म्हणून नावाजले. माणूस उदार, प्रेमळ. पण तापट. मनात आलं की घर सोडून निघून जायचे. हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकायचे. बायको आणि घर ज्याच्या-त्याच्या भरवशावर. लक्ष्मीबाई कधी सासरी, कधी माहेरी, कधी नात्यातल्या कुणाकडे. पण या माणसानं एक गोष्ट केली. बायकोला अक्षरं शिकवली. शिकवताना रागावले, चिडले, पण शिकवलं.

१८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईला ख्रिस्ती धर्म घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. लहान मुलगा पदरी. त्या काळच्या समजुतीप्रमाणे अशा नवऱ्याकडे जाणं म्हणजे जात गमावणं. नातेवाईकांनी आसरा दिला, मायाही केली. पण तिच्या जन्माचं काय व्हावं हे बाकीचे सगळे ठरवत होते. नवऱ्यानं ठरवलं ते तिला न विचारता. समाजानं ठरवलं तेही तिला न विचारता.

काही वर्षं अशी गेली. मग लक्ष्मीबाईंनी स्वतः ठरवलं. त्या नवऱ्याकडे नगरला आल्या. पण मान खाली घालून आल्या नाहीत. आपला धर्म आपल्यापाशी, आपलं सोवळं, आपलं स्वयंपाकपाणी वेगळं, अशा बोलीवर आल्या. आणि टिळकांनी ते मानलं. धर्म बदल म्हणून बळजबरी केली नाही. दोन माणसांची मतं दोन टोकांची. तरी एकमेकांचा मान राखून त्यांचा संसार चालला.

पुढं बिऱ्हाड राहुरीला आलं. इथं एक मोठी गोष्ट घडली. बाहेरून पाहणाऱ्याला ती दिसलीही नसेल. नानांच्या घरातलं ते सोवळं लक्ष्मीबाईंच्या मनात अजून होतं. नाना जलालपूरला राहिले, पण त्यांची कडी लेकीबरोबर राहुरीपर्यंत आली होती. कडीचं असंच असतं. लावणारा माणूस दूर गेला तरी ती मनात तशीच राहते. राहुरीला असताना एकदा लक्ष्मीबाईंनी स्वतःशी विचार केला. माणसामाणसांतले हे उच्चनीच भेद देवानं केलेले नाहीत, माणसांनी केलेत, हे त्यांना पटलं. मग त्यांनी ठरवून टाकलं, कोणाच्याही हातचं खायला-प्यायला आपली हरकत नाही. हे त्यांना नवऱ्यानं सांगितलं नव्हतं. कोणी दम दिला नव्हता. १९०० साली त्यांनी राहुरीला ख्रिस्ती धर्म घेतला, तोही आपल्या विचारानं.

आपण कोणता धर्म मानावा हा आजच्या बोलण्याचा विषय नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. मी सांगतो ते एवढंच. ज्या मुलीला मीठ धुवायच्या घरात 'का?' असं विचारायची सोय नव्हती, तिनं राहुरीत स्वतःला 'का?' असं विचारलं. त्या एका शब्दानं आतली कडी सरकली.

आणि पुढं काय झालं पाहा. मोडकीतोडकी अक्षरं शिकलेल्या या बाईंनी कविता केल्या. अनाथ मुलांना घरात घेऊन वाढवलं. म्हातारपणी आपल्या आयुष्याची हकिगत लिहिली. १९३६ साली त्या वारल्या. लिहिली कशी? तुम्ही-आम्ही बोलतो तशा साध्या भाषेत. हसत हसत. वडिलांबद्दल लिहिलं, नवऱ्याबद्दल लिहिलं. कुणाची निंदा केली नाही, पण काही झाकलंही नाही. घरातली गोष्ट घरातच राहावी, असं म्हणून त्या गप्प बसल्या असत्या, तर जलालपूरच्या त्या घरात बायकांनी काय सोसलं, ते आज कोणाला कळलं असतं?

कायदा तेव्हा आणि आता

लक्ष्मीबाईंच्याच काळी मुंबईत रखमाबाई नावाची एक मुलगी होती. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं. मोठी झाल्यावर तिनं नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८४ साली नवऱ्यानं तिच्यावर दावा लावला. १८८७ साली कोर्टानं हुकूम दिला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढं त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेला बायकांच्या दवाखान्यात काम करू लागल्या. म्हणजे त्या काळी कडी घराची होती, आणि कायदाही कडीच्याच बाजूला होता.

आज तसं नाही. २००५ साली आपल्या देशात घरातल्या छळापासून बायकांचं रक्षण करणारा कायदा झाला. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. त्यातली मोठी गोष्ट अशी की छळ म्हणजे फक्त मारहाण नव्हे, हे कायद्यानंच मान्य केलं. रोज अपमान करणं, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोचून बोलणं, पोरांना किंवा माहेरच्यांना इजा करीन अशी धमकी देणं, हाही छळ. घरखर्चाला पैसे न देणं, तिचं स्त्रीधन विकून टाकणं, हाही छळ. घराबाहेर पडू न देणं, कुणाला भेटू न देणं, हेही तक्रारीत लिहिता येतं.

हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. एका घरात राहणारी आई, बहीण, मुलगी, विधवा भावजय, या सगळ्यांसाठी आहे. तक्रार सासू-नणंदेविरुद्धही करता येते. कायदा बाईला त्या घरात राहायचा हक्क देतो, मग घर कोणाच्याही नावावर असो. कोर्ट छळ थांबवायचा हुकूम देऊ शकतं, खर्च द्यायला लावू शकतं, मुलांचा ताबा तात्पुरता आईकडे देऊ शकतं. संरक्षणाचा हुकूम मोडला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तक्रार कुठं करायची? या कामासाठी सरकारनं संरक्षण अधिकारी नेमले आहेत. ते अर्ज लिहून घेतात. पोलीस ठाण्यातही सांगता येतं. वकिलाला पैसे नसतील तर काळजी नको. बाईची कमाई कितीही असो, तिला सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. फोनवर मदत हवी असेल तर १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे. जिवाला धोका असेल तर ११२ लावावा. नगर शहरात 'स्नेहालय' ही संस्था १९८९ पासून अडचणीतल्या बायका-मुलांसाठी काम करते.

आणि म्हाताऱ्यांचं काय? पुष्कळ घरांत म्हातारा-म्हातारीला असंच कोंडलेलं असतं. सातबारा नावावर करून घेतला की चहासुद्धा वेळेवर मिळत नाही. त्यांच्यासाठी २००७ सालचा कायदा आहे. प्रांतसाहेबांकडे अर्ज करून मुलांकडून पोटगी मागता येते.

कोर्टाच्या कामाला वेळ लागतो, हे खरं. खेटे घालावे लागतात, हेही खरं. कायदा म्हणजे जादू नाही. पण कायद्यानं एक गोष्ट नक्की केली आहे. हा तुमच्या घरचा खासगी मामला आहे असं म्हणून आता कोणाला हात झटकता येत नाहीत.

आपण काय करावं

पहिल्यांदा जिच्यावर हे आलं आहे तिला सांगतो. बाई, चूक तुझी नाही. हे वाक्य रोज एकदा मनात म्हण. एका तरी माणसाशी बोल. बहीण, मैत्रीण, आशाताई, अंगणवाडीच्या बाई, कोणीही. एक फोन नंबर तोंडपाठ ठेव. तुझं आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक, मुलांचे दाखले यांच्या नकला विश्वासाच्या माणसाकडे ठेव. आणि तू आता लिहायला शिकली आहेस. काय घडलं, कोणत्या तारखेला घडलं, ते दोन ओळींत लिहून ठेव. पण ती वही त्याच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेव. पुढं तीच वही तुझी साक्ष होईल. आणि जेव्हा तुला कोणी म्हणेल, "असं काही झालंच नाही, तुला भास झाला," तेव्हा तीच वही तुला सांगेल, झालं होतं.

आता शेजाऱ्यांना सांगतो. "संसारात भांड्याला भांडं लागायचंच" हे बोलणं पुरे करा. भांड्याला भांडं लागतं तेव्हा दोन्ही वाजतात. इथं एकच वाजतंय आणि एकच चेपतंय. तिला एकटीला गाठून हळूच विचारा. त्याच्यासमोर विचारू नका, त्यानं तिचा जाच वाढेल. ती पहिल्यांदा नाही म्हणेल. पुन्हा विचारा. बोलणं चालू ठेवा, तिला एकटी पडू देऊ नका. निर्णय तिला घेऊ द्या. तिच्या वतीनं तुम्हीच ठरवलंत, तर एक कडी काढून दुसरी लावल्यासारखं होईल. पण तिच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर वाट पाहू नका. संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही खबर देऊ शकतो. चांगल्या हेतूनं खबर दिली, तर देणाऱ्यावर कायद्यानं बालंट येत नाही.

माहेरच्या माणसांना एक विनंती. लेकीला पाठवणी करताना सांगता, "आता तेच तुझं घर." त्याच्यापुढं आणखी एक वाक्य जोडा. "आणि हेही तुझंच घर आहे."

शेवटी दादांनो, तुमच्याशी बोलतो. रागावू नका. तुमच्यातला कोणी मनात म्हणत असेल, मी कधी बायकोवर हात उचलला नाही. चांगली गोष्ट. पण आज घरी जाताना एक पाहा. तुमच्या वहाणांचा आवाज आला, की पोरं धावत येतात की गप्प होतात? गप्प होत असतील, तर बायकोवर ओरडू नका. स्वतःला विचारा, मला कशाची भीती वाटते? नानांना कोणी हे विचारलं नाही. कोणी विचारलं असतं, तर कदाचित त्यांचंही आयुष्य सुखाचं झालं असतं. दुसऱ्याला कोंडणारा माणूस दारापाशी पहारा देत बसतो. पहारेकऱ्यालाही कुठं जाता येत नाही.

याच नगर गावी मिस फॅरार बाईंच्या शाळेत सावित्रीबाई फुले शिकवायचं शिकल्या आणि मग त्यांनी पुण्यात मुलींना अक्षरं शिकवली. त्या वेळी लोकांना भीती वाटत होती की बाई शिकली तर प्रश्न विचारील. लोकांचं खरंच होतं. शिकलेली बाई प्रश्न विचारते. तुम्ही आता शिकलात. वर्गातून घरी जाल तेव्हा पाटीबरोबर 'का?' हा शब्दही घेऊन जा. तो एकाच अक्षराचा आहे. पण आतली कडी काढायला तेवढा पुरतो.

विचार करा आणि बोला

१. मीठ धुवायचा नियम कोणाच्या भीतीतून आला? त्याचं काम कोणाला करावं लागलं?
२. लक्ष्मीबाई नगरला कोणत्या बोलीवर आल्या?
३. कडी लागण्याच्या चार पायऱ्या कोणत्या? त्यांतली कोणती आपल्या गावात जास्त दिसते?
४. शेजारच्या घरात असा जाच आहे असं कळलं, तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल?
५. १८१ आणि ११२ हे नंबर वहीत लिहा आणि घरातल्या एकीला तोंडपाठ करून द्या.